प्रश्नांचीही परीक्षा

परीक्षेत आपण मुलांचे गुण मोजतो. पण ज्या प्रश्नांनी ते मोजले ते प्रश्न कितपत खरे आहेत, याची चौकशी क्वचितच होते. वाण्याच्या मापावर सरकारी छाप हवी असा आपला आग्रह असतो. शिष्यवृत्ती कोणास मिळावी हे ठरविणारी प्रश्नपत्रिका मात्र तपासणीवाचून चालते! ग्वाल्हेरच्या पडावासारख्या भागात, जिथे मराठी मुलांची घरची भाषा एक व शाळेची दुसरी, तिथे हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्नाची पहिली कसोटी सोपेपणाची. १०० मुलांपैकी ६० जणांचे उत्तर बरोबर आले, तर त्या प्रश्नाचा अंक ०.६०. दुसरी कसोटी, प्रश्न हुशार व कच्ची मुले वेगळी काढतो काय? एकूण गुणांनुसार वरची २७ व खालची २७ मुले घ्यावीत. वरच्यांपैकी २४ व खालच्यांपैकी ९ बरोबर असतील, तर फरक १५. त्यास २७ ने भागता ०.५६ येतात. हा प्रश्न उत्तम. वरचे ११ व खालचे १४ बरोबर आले, तर प्रश्नातच खोट आहे असे समजून तो पुन्हा वाचावा.

या रीतीत एक उणीव राहते. हुशार वर्गात जो प्रश्न सोपा, तोच दुसऱ्या वर्गात अवघड ठरतो. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० साली यावर मार्ग दाखविला. मुलाची पात्रता व प्रश्नाचे काठिण्य त्यांनी एकाच पट्टीवर मांडले. दोन्ही समान असतील, तर बरोबर उत्तराची शक्यता शेकडा ५०. पात्रता एक एककाने अधिक असेल तर सुमारे ७३, दोन एककांनी अधिक असेल तर सुमारे ८८. पुढे इतर अभ्यासकांनी प्रश्नाची भेदक शक्ती व अंदाजाने मिळणारे यशही हिशेबात घेतले. कारण चार पर्याय असता डोळे मिटूनही चारांत एकदा उत्तर बरोबर येतेच.

आता आपल्या मुलांकडे वळू. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. बुद्धिमापनाच्या हिंदी प्रश्नात हा शब्द आला, तर मराठी घरातील मूल चुकेल. तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. हे ओळखावे कसे? एकूण गुण सारखे असलेली मराठी व हिंदी घरांतील मुले शेजारी ठेवावीत. त्या एकाच प्रश्नात एक गट सतत मागे पडत असेल, तर तो प्रश्न बुद्धीऐवजी घरची भाषा मोजीत असावा असा संशय घेण्यास जागा आहे. मात्र दहापाच मुलांवरून निर्णय करू नये. तेवढ्यात योगायोगही फसवितो.

बिने यांच्या पॅरिसमधील कसोट्या व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी बेतून घेतल्या. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. केवळ भाषांतराने कसोटी आपली होत नाही, ती आपल्या मुलांवर पारखावी लागते, हाच त्या खटाटोपाचा धडा.

म्हणून शिष्यवृत्तीची परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेस आमचे सांगणे आहे की, निकालाबरोबर प्रश्नवार तक्ताही ठेवावा. त्यास एक वही व दोन संध्याकाळी पुरतात. सदोष प्रश्नाचे गुण निकालापूर्वीच वगळावेत. एका गुणाने नाव यादीबाहेर राहिलेल्या मुलास एवढा न्याय मिळालाच पाहिजे.