व्हायरल ताप आणि पोटातले राखणदार

पावसाळा लागला की तापाची साथ येते आणि तिच्याबरोबर आपली एक जुनी खोडही वर येते. अंग तापलं, घसा धरला, की मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनची पट्टी मागून आणायची. ती पट्टी जरा उजेडात धरून पाहा. मागच्या बाजूला कडेनं एक उभी लाल रेघ असते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, याची ती खूण. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण मनातला हिशेब पक्का असतो: गुण आला तर उत्तम, नाही आला तर बिघडलं कुठे? माझं सगळं म्हणणं या हिशेबाविरुद्ध आहे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता बहुतेकांच्या कानावरून गेलेलं आहे. पण ‘चालत नाही’ याचा अर्थ आपण ‘काहीच करत नाही’ असा घेतो आणि तिथेच फसतो. गोळी विषाणूला हात लावत नाही, आतड्यातल्या जीवाणूंना मात्र लावते. आणि विषाणूशी लढायला शरीराला तयार ठेवण्यात त्याच जीवाणूंचा वाटा असतो.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. २०११ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती फ्लूच्या विषाणूपुढे कमी पडते. रोग फुप्फुसात, औषधाचा मार आतड्यात, तरी परिणाम फुप्फुसात दिसला. २०१७ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यामागचा एक दुवा शोधला. आतड्यातला एक जीवाणू वनस्पतिजन्य अन्नातल्या फ्लॅव्होनॉइडपासून एक छोटा रेणू तयार करतो, तो रक्तात उतरतो आणि इंटरफेरॉन या विषाणूरोधक यंत्रणेला सज्ज ठेवतो. पुढच्याच वर्षी तिथेच वेस्ट नाइल विषाणूवर प्रयोग झाला. औषध न दिलेल्या उंदरांपैकी सुमारे ८० टक्के जगले, अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी जेमतेम २० टक्के. आपल्याला जास्त टोचावी अशी गोष्ट म्हणजे डेंगी आणि झिका यांच्या बाबतीतही अँटिबायोटिकनं आजार बळावला.

यावर पहिला आक्षेप येणारच: उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आक्षेप रास्त आहे. व्हायरल तापात गोळी घेतल्यानं माणसाचा ताप हमखास चिघळतो, असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण माणसांवरचं काहीच नाही असंही नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना पाच दिवस अँटिबायोटिक देऊन फ्लूची लस टोचली. ज्यांच्या अंगात आधीची प्रतिकारशक्ती कमी होती, त्यांचा लसीला मिळालेला प्रतिसाद मंदावला. हाँगकाँगमध्ये कोविडच्या १०० रुग्णांची तपासणी झाली, त्यात आतड्यातले काही उपकारक जीवाणू घटलेले आढळले आणि ही घट आजाराच्या तीव्रतेशी जुळत होती. अर्थात आजारानंच आतडं बिघडवलं असेल, ही शंका तिथे उरतेच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पोलिओचा विषाणू आतड्यातल्या जीवाणूंचा आधार घेऊन पसरतो, असं २०११ च्याच एका अभ्यासात दिसलं, म्हणजे तिथे गणित उलटं. मी हे झाकत नाही. पण त्यातून निघतं ते एवढंच, की जीवाणू आणि विषाणू यांचं नातं गुंतागुंतीचं आहे. आणि ज्या यंत्राची जोडणी पुरती कळलेली नाही, त्यात अंदाजानं हात घालू नये.

‘पुढे जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधीच घेतलेली बरी’ हा युक्तिवाद घराघरांत ऐकू येतो. त्याची परीक्षा कोविडनं घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना अँटिबायोटिक मिळालं. सोबत जंतुसंसर्ग असलेले होते फक्त ८ टक्के. ॲझिथ्रोमायसिनची तर ब्रिटनमध्ये मोठ्या चाचण्यांतून पारख झाली आणि कोविडमध्ये उपयोग शून्य निघाला. गोळी दिली नाही म्हणून दवाखाना बदलणारे आपण रुग्णही या आकड्यांचे वाटेकरी आहोत.

राहिला दह्याचा उपाय. दही खावं, चांगलंच आहे, पण झालेली मोडतोड त्यानं भरून येईल या भरवशावर राहू नये. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जीवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. त्याच वर्षीच्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस जालीम अँटिबायोटिक दिली. दीड महिन्यात घडी बरीचशी बसली, पण नऊ प्रजाती बहुतेकांच्या पोटात १८० दिवसांनंतरही सापडल्या नाहीत. त्यापेक्षा रोजच्या ताटात भाकरी, मोडाची उसळ आणि पालेभाजी असू द्या. यातला चोथा हेच त्या जीवाणूंचं अन्न.

ताप आला तर विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल. डेंगीची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा आणि पहिल्या पाच दिवसांतच रक्ताची एनएस-वन तपासणी करून घ्या. ताप उतरताना पोटात सतत दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक रुग्णालय गाठा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर न संकोचता विचारा, ‘डॉक्टर, जंतुसंसर्गाची खूण कुठे दिसली?’ ते टायफॉइड म्हणाले, न्यूमोनिया म्हणाले, तर गोळ्या सांगितल्या तेवढ्या पूर्ण घ्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. ताप व्हायरलच आहे म्हणाले, तर ती लाल रेघेची पट्टी मेडिकलमध्येच राहू द्या.