दगडीपाल्याआधी पाणी

पुण्याची मंडळी नाशिक-पुणे रस्त्याने येतात, मुंबईची आणि धुळ्याकडची आग्रा रोडने, आणि सगळे भेटतात नाशिकच्या द्वारका चौकात. तिथून मुंबई नाका, त्र्यंबक नाका करत गाड्या अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर या डोंगरांकडे निघतात. पहाटे द्वारकेला चहा मिळतो, पण औषधांचं दुकान उघडं सापडेलच असं नाही. म्हणून प्रथमोपचाराची पिशवी आदल्या रात्री घरीच भरा.

हे सांगण्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी अंजनेरीच्या घळीतल्या पायऱ्या उतरताना माझा पाय सरकला आणि गुडघा कातळावर चांगलाच घासला. खाली गुरं घेऊन आलेल्या एका मावशींनी वाटेकडेचा दगडीपाला खुडला, तळहातावर चुरगळला आणि रस जखमेवर पिळला. थोड्या वेळात रक्त थांबलं. मी वरून रुमाल बांधला आणि घरी आलो. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजून गरम झाला, पू झाला. डॉक्टरांनी जखम साफ केली तेव्हा आतून बारीक खडी निघाली. यात चूक पाल्याची नव्हती आणि मावशींची तर नव्हतीच. पाठीवर दोन लिटर पाणी असताना जखम धुवायचं मला सुचलं नव्हतं.

दगडीपाला आपल्याकडे गावोगाव ओळखीचा. लांब, सरळ दांड्यावर एकच फूल येतं म्हणून त्याला एकदांडीही म्हणतात. फुलाचा मधला भाग पिवळा, कडेला चार-पाच पांढुरक्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला दाते. पानं समोरासमोर, केसाळ, दातेरी. गंमत म्हणजे ही वनस्पती मूळची इथली नाही. ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आली आणि आपल्या बांधांवर, भिंतींच्या फटींत अशी रुजली की खरचटल्यावर हात आधी तिच्याकडेच जातो. तिच्याशेजारीच बऱ्याचदा गाजरगवत असतं. त्याची पानं गाजराच्या पानांसारखी खोल चिरलेली आणि फुलं बारीक, पांढरी असतात. ते चोळलं तर अंगाला खाज आणि पुरळ येऊ शकतं. ओळख पक्की नसेल तर काहीच खुडू नका.

दगडीपाल्याच्या अर्काचे प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग झाले आहेत आणि त्यांतून जखम भरून येण्याबद्दल आशा वाटावी असे निष्कर्षही मिळाले आहेत. पण प्रयोगशाळेतला अर्क मोजून घेतलेला असतो आणि जखम स्वच्छ ठिकाणी केलेली असते. गुरांच्या वाटेवरचं पान शेण-मातीसकट येतं. धनुर्वाताचे जंतू त्याच मातीत असतात आणि खोल, झाकलेल्या, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. पानाचा लगदा कोंबून घट्ट बांधलेली जखम म्हणजे त्यांना तयार घरच.

हळदीचंही असंच आहे. 1995 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे ठेवून आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण त्या निकालाने एवढंच ठरलं की हा उपयोग नवा नाही. डब्यातली हळद निर्जंतुक असल्याचं प्रमाणपत्र त्यात नव्हतं. उघड्या जखमेत ती दाबून भरली की आत काय चाललंय तेही दिसत नाही.

आणि परंपरा तरी काय सांगते? सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम आहेत. त्यांत आधी शोधन, मग रोपण. म्हणजे जखम आधी साफ करायची, भरून आणायचं काम त्यानंतरचं. आपण त्यातलं रोपण तेवढं लक्षात ठेवलं.

तेव्हा डोंगरावर काय करायचं? रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून हाताने थेट दाबा. दहा मिनिटं सलग, मधे उचलून न बघता. थांबलं की पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा, खडी-माती निघेपर्यंत. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं की चांगली धार मिळते. कुंड-तळ्याचं पाणी यासाठी नको. मग पोव्हिडोन आयोडिनचा मलम, वर कोरडं गॉज आणि पट्टी. जात्यादि तेल, कोरफड वगैरे घरी परतल्यावर, जखम स्वच्छ असेल तर आणि वैद्यांना विचारून.

काटा मोडला तर बिब्बा घालणारे अजून भेटतात. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. रुईचा चीकही नको, तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चिमटा आणि सुई पिशवीत ठेवा, दोन्ही वापरण्याआधी स्पिरिटने पुसा. सापाच्या दंशावर कुठलाही पाला चालत नाही. माणसाला हलू न देता थेट दवाखाना गाठायचा.

एक विनंती. अंजनेरीचा माथा दुर्मीळ वनस्पतींचा आहे. डोंगराच्या नावावरून जिचं शास्त्रीय नाव पडलं ती कंदीलपुष्पाची जातही इथलीच. औषधी म्हणून कुठलंही रोप मुळासकट उपटून आणू नका.

जखम खोल किंवा मातकट असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आधीची इंजेक्शनं पूर्ण झाल्याची खात्री नसेल तरीही दाखवाच. लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 लावा, पण पठारावर रेंज जाते-येते, म्हणून कुठे लागते ते चढतानाच पाहून ठेवा. परतीच्या वाटेवर सिव्हिल हॉस्पिटल त्र्यंबक रोडवरच आहे, द्वारकेच्या अलीकडे.