बाह्यांचा बुरणूस

माझ्या स्वयंपाकघरात गरम कढईखाली ठेवायला एक जाडजूड, हिरवट-पिवळी चकती आहे. येणारी प्रत्येक बाई विचारते, ही कुठून आणलीस? आणलेली नाही. त्या माझ्या सासऱ्यांच्या स्वेटरच्या दोन बाह्या आहेत.

नाना इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. फॅक्टरी 1904 सालची, जबलपुरात सगळे तिला जीसीएफच म्हणतात. पहाटेच्या पाळीला सायकल मारत जाताना बोटं गोठायची, असं ते सांगत. इथली थंडी मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. जानेवारीत एखाद्या रात्री पारा 5-6 अंशांवरही उतरतो. त्यासाठी सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, नानांना हळदी रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला होता. नाना गेल्यावर तो ट्रंकेतच राहिला. कोपरांशी विरला, एका बाजूला कसर लागली. शेवटी आईच म्हणाल्या, "उसव गं तो, आणि काहीतरी कर. पण हा रंग तुझा नवरा अंगाला लावायचा नाही, आधीच सांगते."

म्हणून निळा द्यायचं ठरलं. लोकर कमी पडू नये म्हणून मुलीच्या लहानपणीचा एक पिवळा स्वेटरही उसवला. दोन्ही लोकर, दोन्ही पिवळ्या. मला वाटलं, झालं काम.

बाजारातून रंगाची पुडी आणली. दुकानदाराने कशासाठी हवी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुडीवर लिहिलं होतं : मीठ घाला, धुण्याचा सोडा घाला, उकळा, ढवळत राहा. मी नानांच्या बाह्यांची लोकर आणि मुलीची लोकर एकाच पातेल्यात घातली, उकळी आणली आणि खीर आटवावी तशी ढवळत बसले. मग उकळत्या पातेल्यातून लड्या उचलल्या आणि थेट नळाखाली धरल्या. डिसेंबरातलं टाकीचं पाणी, बर्फासारखं.

नानांच्या लोकरीची लडी राहिलीच नाही. एक घट्ट गोळा झाला, कुठे शेवाळी, कुठे गढूळ. धाग्याचं टोक सापडेना. मुलीची लोकर मात्र जवळपास पिवळीच, वर नुसता मळकट थर, आणि रबर गेलेल्या इलॅस्टिकसारखी लुळी.

दोन्ही पिशवीत घालून एका म्हाताऱ्या रंगरेजाकडे गेले. त्याने पिवळी लडी बोटांत चोळली आणि परत दिली. "बहनजी, ये ऊन नहीं है, केसमिलान है." गोळा हातात घेऊन तो नुसता हसला.

आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो, त्यातली बरीचशी मेंढीची नसतेच. कॅशमिलॉन हे मुळात एका जपानी कंपनीच्या ॲक्रिलिक धाग्याचं नाव. आपल्याकडे ते कुठल्याही ॲक्रिलिक लोकरीला चिकटलं. मेंढीची लोकर म्हणजे केसच, तिला आम्लात चढणारे रंग लागतात. ॲक्रिलिकला वेगळ्या जातीचे रंग लागतात, आणि उकळत्या पाण्यात ताणलं गेलं की त्याचा आकार जातो तो जातोच. घरच्या पातेल्यात त्याच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत झालंय. आहे त्या रंगात विणावं.

आणि सोडा म्हणजे लोकरीचा वैरी. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, ओल, घासणं आणि वर सोडा, असं सगळं जमून आलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. बुरणूस असाच करतात, लोकर न विणता, भिजवून दाबून. फक्त तो करणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

म्हणून आधी धागा जाळून पाहा. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा. खरी लोकर कुरकुरत जळते, केस जळल्याचा वास येतो, राख चिमटीत भुगा होते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचे थेंब गळतात (हात लांब ठेवा) आणि मागे कडक काळा मणी राहतो. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं असतं तर बाह्या वाचल्या असत्या.

उरलेली लोकर 450 ग्रॅम भरली. या वेळी लोकरीसाठीचा ॲसिड डाय मागवला, गडद छटेसाठी वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 9 ग्रॅम. पूड नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून, खिडकी उघडून कालवला. पातेलं स्टीलचं, आणि आता ते कायमचं रंगाचंच. लड्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवल्या, मग 14 लिटर कोमट रंगीत पाण्यात सोडल्या. आच इतकी मंद, की वाफ यायला पाऊण तास लागला. मधे लड्या उचलून पाण्यात तीन चहाचे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवलं. लोकरीवर थेट पडलं तर तिथे डाग धरतो. ढवळायचं नाही, काठीने हळूच वर-खाली करायचं. उकळी येऊ द्यायची नाही. अर्ध्या-पाऊण तासात पाणी जवळजवळ नितळ झालं, सगळा रंग लोकरीने ओढून घेतला होता. ते मी पाहतच राहिले. गॅस बंद करून पातेलं रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी त्याच बेताच्या पाण्यात धुऊन लड्या सावलीत वाळवल्या.

निळा झाला? नाही. हळदीवर निळा म्हणजे हिरवा, हे शाळेतली मुलंही सांगतील. जुना रंग जात नाही, नव्याच्या खाली बसून राहतो. माझा बाटलीहिरवा झाला, आणि खरं सांगायचं तर मनात होता त्या निळ्यापेक्षा बरा दिसतो. पण लड्या बांधताना दोऱ्याच्या गाठी करकचून मारल्या होत्या. तिथे रंग शिरला नाही आणि बांधणीसारखे पिवळे ठिपके राहिले. दोरा सैल, इंग्रजी आठसारखा फिरवून बांधायचा असतो.

प्रत्येक लडीची छटा थोडी वेगळी आली होती. म्हणून दोन गोळे घेऊन दोन-दोन ओळी आळीपाळीने विणल्या, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. रंगवलेली लोकर फुगते, तेव्हा जुन्या मापावर जाऊ नका. वीतभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजा.

बाह्यांपुरती लोकर नव्हतीच. बिनबाह्यांचा स्वेटर झाला, काखेजवळ तीन पिवळे ठिपके. आईंनी तो उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "गळा सैल घातलास."