मान आणि नजर : उड्डाण-सिम्युलेटरसाठी ट्रॅकरची निवड

विमान उतरविण्यापूर्वी वैमानिक धावपट्टीला समांतर, परंतु उतरण्याच्या उलट दिशेने काही अंतर उडत जातो. धावपट्टी त्या वेळी बहुधा त्याच्या डाव्या हाताला असते. तिचे टोक डाव्या खांद्यामागे सुमारे ४५ अंशांवर, म्हणजे विमानाच्या नाकापासून १३५ अंशांवर दिसू लागले, की तो विमान वळवितो. ही वेळ साधावयाची तर मान वळवून मागे पाहणे अपरिहार्य असते. मेजावरील संगणकाच्या साहाय्याने हाच धडा गिरविणाऱ्या विद्यार्थ्याने मान वळविली, तर मात्र त्याला धावपट्टीऐवजी खोलीची भिंत दिसते! मग तो बोटाने कळ दाबून दृश्य फिरवितो. आणि आजूबाजूला पाहण्याची जी सवय आकाशात जीव वाचविते, तीच त्याच्या अंगी बाणत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी मस्तकाच्या किंवा डोळ्यांच्या हालचालींचा मागोवा घेणारी उपकरणे निघाली आहेत. त्यांना ट्रॅकर असे म्हणतात. त्यांपैकी कोणते निवडावे, हे केवळ किंमत पाहून ठरत नाही. मस्तक आणि डोळा यांची कामे मुळातच भिन्न आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

थोडा इतिहास

अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली बनविलेल्या प्रशिक्षण-यंत्रात विद्यार्थी झाकणबंद पेटीत बसून केवळ उपकरणांवरील काटे पाहून उड्डाण शिकत असे. बाहेरचे दृश्यच नसल्यामुळे मान वळविण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. पुढे संगणक चित्रे काढू लागला, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवावयाचा एक दर्शक तयार केला. छतापासून लोंबणाऱ्या यांत्रिक दांड्याने मस्तकाची स्थिती मोजली जाई आणि तिला अनुसरून चित्र बदलत असे. भारतीय वायुदलात १९८७ साली दाखल झालेल्या मिग-२९ विमानातही वैमानिकाचे मस्तक वळेल त्या दिशेला क्षेपणास्त्राचा वेध जुळविणारे शिरस्त्राण वापरात आले.

मस्तकाचा मागोवा

मस्तकाच्या हालचाली सहा प्रकारच्या असतात : डावी-उजवीकडे वळणे, वर-खाली झुकणे व खांद्याकडे कलणे ही तीन परिभ्रमणे, आणि आडवे सरकणे, वर-खाली सरकणे व पुढे-मागे सरकणे ही तीन स्थानांतरे. उत्तम ट्रॅकर या सहाही मोजतो. खिडकीच्या चौकटीआड दडलेली धावपट्टी पाहण्यासाठी वैमानिक किंचित बाजूला वाकतो. केवळ परिभ्रमणे मोजणाऱ्या उपकरणाला हे वाकणे कळत नाही.

मोजण्याच्या प्रमुख रीती तीन आहेत. पहिल्या रीतीत टोपीवर किंवा श्रवणयंत्रावर अवरक्त प्रकाशाचे तीन बिंदू बसवितात व पडद्यावरील कॅमेरा ते टिपतो. बिंदूंमधील खरी अंतरे ठाऊक असल्यामुळे चित्रातील त्यांच्या मांडणीवरून मस्तकाची स्थिती गणिताने काढता येते. अमेरिकेतील नॅचरलपॉइंट कंपनीचे ट्रॅकआयआर ५ हे उपकरण या वर्गातील असून ते सेकंदाला १२० चित्रे घेते. दुसऱ्या रीतीत साधा वेबकॅमेरा चेहऱ्याची ठेवण ओळखून तेच काम करतो. ओपनट्रॅक ही विनामूल्य संगणक-प्रणाली त्यासाठी उपलब्ध आहे. तिसऱ्या रीतीत डोक्यावर सूक्ष्म जायरोस्कोप बसवितात. त्याला कॅमेरा लागत नाही. परंतु त्याच्या मापनात हळूहळू चूक साठत जाते. वर-खाली झुकण्यातील आणि कलण्यातील चूक गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सुधारता येते; डावी-उजवीकडील वळणाला तसा आधार नसल्याने ‘समोर’ ही दिशाच सरकू लागते.

डोळ्याचा मागोवा

डोळ्याच्या ट्रॅकरचे तत्त्व निराळे आहे. डोळ्यावर सौम्य अवरक्त प्रकाश टाकला असता बुबुळाच्या पारदर्शक पृष्ठावर एक चमकता ठिपका उमटतो. डोळा फिरला, की बाहुली अधिक सरकते व ठिपका त्या मानाने कमी. या दोहोंमधील अंतरावरून नजरेची दिशा कळते. प्रत्येकाच्या डोळ्याची घडण वेगळी असल्याने पडद्यावरील ठरावीक बिंदूंकडे पाहून उपकरण आधी जुळवून घ्यावे लागते.

दृश्य फिरविण्यासाठी मात्र डोळा हा अवघड सेवक आहे. स्पष्ट दृष्टीचे क्षेत्र जेमतेम २ अंशांचे असल्यामुळे डोळा सेकंदाला साधारणतः तीन वेळा एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी घेतो, आणि यांतील बहुतेक उड्या आपल्या नकळत होतात. प्रत्येक नजरेला आज्ञा मानले, तर केवळ पाहू म्हटले तरी दृश्य हलेल. स्पर्श करील त्याचे सोने होणाऱ्या मिडास राजाच्या दंतकथेवरून रॉबर्ट जेकब या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० साली या अडचणीस ‘मिडास-स्पर्श’ हे नाव योजिले. त्यामुळे स्वीडनमधील टोबी कंपनीची या कामाची उपकरणे नजरेबरोबर मस्तकाचाही मागोवा घेतात.

उलटपक्षी, वैमानिक काय पाहतो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर डोळ्यासारखा साक्षीदार नाही. पॉल फिट्स व त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या सुमारास चलच्चित्र-कॅमेऱ्याने वैमानिकांचे डोळे टिपून, विमान उतरविताना ते कोणत्या उपकरणाकडे किती वेळा व किती काळ पाहतात याची नोंद केली. शिकाऊ विद्यार्थ्याची नजर एकाच काट्यावर खिळून राहते काय, हे शिक्षकाला दाखविण्याचे सामर्थ्य डोळ्याच्या ट्रॅकरमध्ये आहे. त्याच्या मर्यादेचे भान मात्र ठेवावे : ६० सेंटिमीटर अंतरावर १ अंशाची चूक पडद्यावर सुमारे १ सेंटिमीटर भरते. लहान तबकड्या एकमेकींस चिकटून असतील, तर नजर कोणत्या तबकडीवर आहे हे नि:संशय सांगता येणार नाही.

गुणाकाराचा प्रश्न

पडदा समोरच राहत असल्याने विद्यार्थ्याला मान २० अंशांहून फारशी वळविता येत नाही. धावपट्टी निदान पडद्याच्या कडेशी यावी म्हणून दृश्य मात्र १२० अंशांनी फिरावे लागते. म्हणजे हालचालीला ६ ने गुणावे लागते, आणि तिच्यासोबत दोषही गुणले जातात. मस्तकाची अर्ध्या अंशाची थरथर दृश्यात ३ अंशांची होते. विलंबाचेही तसेच. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ३३ सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्यात सेकंदाला १०० अंश वेगाने वळणारी मान ३.३ अंश सरकते. दृश्यात ही तफावत सुमारे २० अंशांची होते. १२० चित्रांच्या कॅमेऱ्यात ती सुमारे ५ अंशांवर येते.

थरथर लपविण्यासाठी प्रणालीत हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते. पण गुळगुळीतपणा वाढला की विलंबही वाढतो. म्हणून मध्यभागी एक ‘निश्चल पट्टा’ ठेवावा, म्हणजे समोर पाहताना दृश्य स्थिर राहते. आणि गुणक कडेकडे क्रमाने वाढवावा.

निवडीचा निष्कर्ष

मुख्य हेतू आजूबाजूला पाहण्याचा सराव हा असेल, तर मस्तकाचा ट्रॅकर घ्यावा. ज्या शाळेजवळ वेबकॅमेरा आहे, तिने आधी विनामूल्य प्रणाली वापरून पाहावी. विलंब खटकला तरच तीन बिंदूंच्या उपकरणाकडे वळावे. पाहण्याच्या सवयींचा अभ्यास हा हेतू असेल, तर डोळ्याचा ट्रॅकर घ्यावा. चष्मा लावणाऱ्या विद्यार्थ्यांवर तो आधी पारखून पाहावा, कारण काचेवरील परावर्तन त्याला चकविते. डोक्यावर चढवावयाच्या दर्शकात गुणाकार लागत नाही, मान वळेल तितकेच दृश्य वळते. परंतु स्वत:चे हात व वही दिसत नाहीत आणि काहींना घेरी येते. कॅमेरा वापरावयाचा असल्यास विद्यार्थ्याच्या पाठीशी उघडी खिडकी नसावी. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात आणि ते मापन बिघडवितात.

दोन सोपे प्रयोग

१. हात ताठ लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. त्याची रुंदी सुमारे २ अंश भरते. नख छापील पानाशेजारी धरून, नजर न हलविता बाजूचे किती शब्द वाचता येतात ते पाहावे. डोळ्याला उड्या का घ्याव्या लागतात हे कळून येईल.

२. पान स्थिर ठेवून मान झपाट्याने डावी-उजवीकडे हलवावी. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पान तितक्याच वेगाने हलवावे. अक्षरे पुसट होतात. पहिल्या वेळी अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका मानेची गती डोळ्यांच्या स्नायूंना कळवितात व डोळे तितकेच उलट फिरतात. मान आणि नजर ही अशी एकमेकींना सांभाळून चालतात. ट्रॅकर निवडणाऱ्याने त्यांपैकी कोणाला कोणते काम सांगावयाचे, एवढे आधी ठरविले म्हणजे निवड सोपी होते.