डब्ल्यू-टूवर राज्यच चुकलं, आता?

प्रश्न : एडिसनमध्ये आमची छोटी कंपनी आहे. एक कर्मचारी गेलं वर्षभर डॅलसच्या घरूनच काम करत होता, पण डब्ल्यू-टू या पगाराच्या वार्षिक फॉर्मवर न्यू जर्सीच राहिलं. फॉर्म भरून झालेत. काय करू?

उत्तर : घाबरू नका. डब्ल्यू-टूसी हा दुरुस्तीचा फॉर्म भरा. रकाना 15, 16 आणि 17 मध्ये 'आधीची माहिती' म्हणून न्यू जर्सीचे आकडे लिहा. बरोबर माहितीच्या जागी टेक्सससाठी आयकराचं काही येत नाही, कारण तिथे राज्याचा आयकरच नाही. चूक फक्त राज्याच्या रकान्यांत असेल, तर सोशल सिक्युरिटीकडे प्रत पाठवायची नसते. ती न्यू जर्सीला आणि कर्मचाऱ्याला आजच द्या. बिचाऱ्याने विवरणपत्र भरलं असेल, तर त्याला तेही सुधारावं लागेल.

खरी मेख बेकारी विम्यात आहे. तो काम जिथे होतं त्या राज्याचा. म्हणजे टेक्ससमध्ये नोंदणी करून मागच्या तिमाह्यांचा विमा भरा, न्यू जर्सीचे तिमाही वेतन अहवाल दुरुस्त करा, केंद्रीय बेकारी कराच्या फॉर्म 940 वरची राज्याची माहितीही दुरुस्त करा. न्यू जर्सीत बेकारी आणि अपंगत्व विम्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातूनही पैसे कापले जातात. ते त्याचे आहेत, त्याला परत मिळालेच पाहिजेत. पगार-कराचा केंद्रीय तिमाही फॉर्म 941 मात्र राज्यनिहाय नसतो. त्याला हात लावू नका.