सर्वधर्म प्रार्थना आणि सहभोजन

धुळे येथील तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे खानदेशातील शिक्षकांस ठाऊक आहेच. याच विनोबांनी मूळ कुराण वाचता यावे म्हणून अरबी भाषेचा अभ्यास केला. आणि गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले. स्वतःच्या ग्रंथावर भक्ती असणारी माणसेच शेजाऱ्याकडे आदराने वळली, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

सर्वधर्म प्रार्थनेसाठी पुष्कळ शाळांत प्रत्येक धर्मातील एकेक वचन निवडून फलकावर लिहिले जाते. गांधीजींच्या आश्रमातील प्रार्थना अशी जुळविलेली नव्हती. कुराणातील भाग रेहाना तय्यबजी यांनी आश्रमात राहत असता शिकविला. बौद्ध मंत्र एका जपानी भिक्षूच्या सहवासातून आला. पारशी प्रार्थना आगाखान पॅलेसमधील बंदिवासात डॉ. गिल्डर यांच्याकडून मिळाली. प्रत्येक वचनामागे सोबत राहिलेला एक माणूस होता. यास्तव गावातील संध्याकाळीही जी कुटुंबे येतील त्यांच्याच प्रार्थना व्हाव्यात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भिल्ल व पावरा मुलांस घरच्या देवाचे गाणे म्हणू द्यावे; त्यास ग्रंथ नाही म्हणून ते वगळू नये.

मात्र संमतीचा प्रश्न नाजूक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ अन्वये पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. उपासनेस हजर राहण्याची सक्तीही करता येत नाही, व अज्ञान मुलासाठी पालकाची संमती लागते. म्हणून हा कार्यक्रम गावाचा असावा, शाळेच्या वेळेबाहेर असावा, शिक्षक केवळ साहाय्यक असावा. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुराणातील वचनास कोणी हरकत घेतली असता गांधीजींनी ते वचन गाळले नाही. त्या दिवशी सबंध प्रार्थनाच थांबविली.

भोजनाचा भाग अधिक कठीण, कारण सोबत गाणारे सर्वच सोबत जेवतात असे नाही. खानदेशात थंडीच्या दिवसांत भरिताचा बेत सर्वांच्या परिचयाचा आहे. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजावीत, ठेचावीत, मिरची व कांद्याची पात घालावी, सोबत कळण्याची भाकर. जैन घरांत कांदा-लसूण, क्वचित वांगेही वर्ज्य असते. तेव्हा साधे वरण वेगळे ठेवावे. रमजान असेल तर रोजा सुटल्यावरच पान वाढावे. या गोष्टी आधी घरोघर जाऊन विचाराव्यात. भाकरी प्रत्येक वस्तीतून मागवाव्यात व एकाच टोपलीत मिसळाव्यात, म्हणजे ताटात आलेली भाकर कोणत्या घरची हे कळत नाही. खरी कसोटी तेथेच लागते. वाढणाऱ्या मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी. एखादा पालक मुलास पंगतीतून उठवून नेईलही. त्यास चारचौघांत बोल लावू नये, दुसऱ्या दिवशी शिक्षकाने त्याच्या घरी जावे.

नंतर भाषेच्या तासाला, जी मुले आली होती त्यांनी शेजारी कोण बसले होते व त्याच्या घरी भाकर कशी थापतात, एवढेच दहा ओळींत लिहावे.