ढगातील प्रभार आणि कागदाचा कपटा

वळवाचे ढग कळसूबाईच्या माथ्यावर जमू लागले की भंडारदरा परिसरातील खाचरांत काम करणाऱ्यांचे लक्ष आभाळाकडे लागते. त्या ढगात जे बल वावरत असते ते वर्गातही दाखविता येते, हे शिक्षकबंधूंनी ध्यानी घ्यावे.

प्लॅस्टिकची फणी कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेली असता कपटे उडून तिला चिकटतात. घर्षणाने फणीवर ऋण प्रभार येतो. सजातीय प्रभार परस्परांस दूर लोटतात व विजातीय जवळ ओढतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु कपटा तर प्रभाररहित. तो का ओढला जावा? याचे उत्तर कूलंब या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये मांडलेल्या नियमात सापडते. अंतर दुप्पट झाले की बल एक चतुर्थांश उरते. फणीच्या सान्निध्याने कपट्याच्या जवळच्या कडेस धन आणि दूरच्या कडेस ऋण प्रभार प्रकट होतो. जवळचे आकर्षण दूरच्या प्रतिसारणाहून वरचढ ठरते. (प्रयोग हिवाळ्यात करावा. भंडारदऱ्याच्या पावसाळ्यात फणीवर ओलावा धरतो, प्रभार निसटून जातो आणि शिक्षकाची उगाच फजिती होते.)

ढगात हिमकण व मऊ गारा यांच्या टकरींतून प्रभार विलग होतात आणि ढगाचा खालचा भाग बहुधा ऋण बनतो. त्याखालील जमिनीवर, कपट्याप्रमाणेच, धन प्रभार प्रकट होतो. माळावरील एकाकी हिरड्याच्या शेंड्याशी विद्युतक्षेत्र विशेष तीव्र असते. आडोशासाठी नेमके तेच झाड निवडले जाते, हे दुर्दैव होय. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तेथेच थांबावे. इमारत दूर असल्यास झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये, कारण वीज जमिनीतूनही पसरते.

वीज पडलेल्या माणसास शिवू नये, त्याच्या अंगात वीज राहते, हा समज मात्र प्राणघातक आहे. शरीर विद्युतवाहक असल्याने प्रभार तत्क्षणी जमिनीत जातो. श्वास व नाडी थांबली असल्यास छातीवर दाब देण्यास त्वरित आरंभ करावा, कृत्रिम श्वास द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर विजेची पूर्वसूचना मिळते. ज्यांच्यापाशी मोबाईल नाही अशा खाचरांतील माणसांपर्यंत ती पोहोचविण्यासाठी पंचायत सदस्यांनी मृगापूर्वीच शाळेच्या घंटेची एखादी ठराविक खूण गावात ठरवून ठेवावी.